सोलापूरला एफएम उशिरा का आलं

वर कुणीतरी म्हणलंय की सोलापूरकरांना गाण्यांची हौस नव्हती म्हणून खाजगी एफएम इथं उशिरा आलं, हे काय पटत नाही ओ. हौस लय होती, आमच्या गल्लीत पावरलूमच्या खडखडाटात पण विविधभारती फुल्ल आवाजात चालू असायची. खरी गोची फीची होती. सरकारनं खाजगी एफएमला परवाने दिले त्या पहिल्या टप्प्यात लायसन फी ठरलेली आणि वर दरवर्षी १५ टक्के वाढ, मग जाहिराती कमी असलेल्या गावात कोण पैसे घालणार? सरकारच्या २००५ च्या एफएम धोरणात फी म्हणजे स्टेशनच्या उत्पन्नाच्या ४ टक्के असा हिशोब आला आणि मग आपल्यासारख्या शहरांचं गणित जमलं. आपल्याकडचं बिग एफएम हे खाजगी स्टेशन त्यानंतरचंच की. बातम्यांना मात्र तेव्हाही बंदीच, म्हणून नुसती गाणी न् बडबड.