प्रति: बदलापूरहून बीकेसीचं (वांद्रे-कुर्ला संकुलातलं) सहा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट घ्यावं का?

वर बऱ्याच जणांनी "रेट चांगलाय, घेऊन टाक" म्हटलंय, पण तो रेट दिवसाचा आहे ना? मग तासाला किती पडतात ते काढायचं असेल तर आठ तासांनी नको, दारापासून दारापर्यंतच्या तासांनी भाग. बदलापूर ते कुर्ला गाडी वेळेवर असली तरी तासाच्या वर जातो, त्यात कल्याणपर्यंत अजून दोनच ट्रॅक (एक जायचा, एक यायचा), म्हणजे एक गाडी अडकली की मागच्या सगळ्या अडकल्या. पुढे कुर्ला वेस्टला शेअर रिक्षाची लाइन, आणि पावसात ती लाइन बघितली की माणूस परत घरीच जावं म्हणतो 😄

आणि हो, पावसाळा. कुर्ला-सायनला पाणी भरलं की पर्मनंटवाल्याची एक सीएल (कॅज्युअल लीव्ह) जाते, तुझं त्या दिवसाचं बिलिंगच जातं. म्हणून साइन करायच्या आधी दोन गोष्टी मेलवर लेखी घे, आठवड्यातून किती दिवस घरून चालेल आणि घरून केलेला दिवस पूर्ण बिल होतो का. रिक्रूटर फोनवर "हो हो मॅनेज होईल" म्हणतात, त्याला काही अर्थ नाही, क्लायंटचा मॅनेजर ते पाळेलच असं नाही.

तुझी दुसरी, ऐरोलीची ऑफर थोडी कमी असली तरी मी तीच घेईन, ठाण्याला उतरून नऊ-दहा नंबर प्लॅटफॉर्मवर ट्रान्स-हार्बर (ऐरोलीकडे जाणारी लोकल) पकडायची, गर्दी आहेच पण कुर्ल्यापुढची ती रिक्षाची कटकट नाही. बीकेसीच घेतलंस तर नोटीस पिरियड बघ, आणि फर्स्टचा पास आधी महिन्याचाच काढ, तिमाही नको.