पाठीमागे वाकताना: तुमचे अनुभव सांगा

बेचाळिसाव्या वर्षी मी पहिल्यांदा ऊर्ध्व धनुरासनात उठले, म्हणजे हातापायांवर कमान, बरेचजण ज्याला चक्रासन म्हणतात ते. मोजून तीन सेकंद. त्याआधी पाऊण वर्ष योगवर्गाच्या बाईंनी शलभासन आणि भुजंगासनापुढे जाऊच दिलं नव्हतं, तेव्हा राग यायचा. तुम्ही कसे शिकलात? कुठे जमलं, कुठे दुखलं? व्हिडिओ बघून शिकलेल्यांनीही लिहा, चिडवणार नाही.

कडीपत्ता: घ्या, मीच तो व्हिडिओवाला. लॉकडाऊनमध्ये मोबाइल भिंतीला टेकवून चक्रासन केलं आणि पहिल्याच दिवशी जमलं! घरात कौतुक. तिसऱ्या आठवड्यात बेसिनवर वाकून तोंड धुता येईना. पुढे वर्गात सरांनी बाजूने फोटो काढून दाखवला: सगळी घडी कमरेत एका जागी, छातीमागचा भाग पाटासारखा सपाट. कंबर मुळातच मागे सहज वळते. छातीमागचे 12 मणके बरगड्यांनी जखडलेले, त्यांना हलवायला कष्ट पडतात, म्हणून शरीर पळवाट काढतं. सरांनी चार महिने चक्रासन बंद केलं.

पेन्शनर: योगगुरू बी. के. एस. अय्यंगार गुरुजींची संस्था 1975 पासून पुण्यात. तिथले दोर, ठोकळे, खुर्च्या ऐकून आम्ही हसायचो, "योग की फर्निचरचं दुकान?" साठीनंतर त्याच पद्धतीच्या एका वर्गात गेलो. घडीच्या लोखंडी खुर्चीत पाय आतून घालून मागे आडवं व्हायचं, म्हणजे विपरीत दंडासन. खुर्चीची कड बरोबर खांद्याच्या पात्यांखाली येते आणि कमरेला काही करावंच लागत नाही. पाच मिनिटं पडून राहतो. आता हसत नाही.

मोगरा: मी वर्गाच्या फॉर्मवर रक्तदाब लिहिला नव्हता. लोक काय म्हणतील! उष्ट्रासनात, म्हणजे गुडघ्यांवर उभं राहून मागे वाकताना, मान धाडकन मागे टाकली आणि डोळ्यांपुढे अंधारी. बाई ओरडल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी फॉर्म पुन्हा भरायला लावला. मान सगळ्यात शेवटी, तीही छाती वर उचलली गेली तरच. माझी अजून सरळच असते.

वांगणीकर: उष्ट्रासनात मांड्या भिंतीला चिकटवून ठेवा. हे मला सहा वर्षांनी कुणीतरी सांगितलं.

रानजाई: सगळेच शिक्षक थांबवणारे नसतात हो. एका शिबिरात "अजून, अजून" म्हणत मला मागून ढकललं होतं. महिनाभर डाव्या पायात मुंग्या, शेवटी डॉक्टर. आता नव्या वर्गात आधी सांगते, न विचारता हात लावायचा नाही. एक शिक्षक यावर रुसले. मी वर्ग बदलला.

मोगरा: बरं केलंत. आणि कमानीनंतर लगेच पुढे वाकायला, पश्चिमोत्तानासनात घुसता का कुणी? आमच्याकडे आधी अधोमुख श्वानासन, मग भरद्वाजासनासारखे हलके पीळ.

पेन्शनर: कडीपत्ता, चार महिन्यांनी पुढे काय?

कडीपत्ता: परवा उठलो. कमान पूर्वीपेक्षा बुटकी आहे, बायको म्हणाली "आधी छान दिसायचं". तोंड मात्र धुता येतं.