मदत हवी आहे: ॲक्सल हबमध्ये गंजून बसलाय, कसा सोडवू?

मंडळी, पुढच्या चाकांना ताकद जाणारी जुनी हॅचबॅक आहे. वळताना डावीकडून कट्‌कट् आवाज येतो. बाहेरच्या सीव्ही जॉइंटचा (चाक वळलं तरी त्याला फिरवत ठेवणारा सांधा) रबरी बूट फाटून ग्रीस उडून गेलंय. नवा ॲक्सल (गिअरबॉक्सकडून चाकाला फिरवणारा दांडा, म्हणजेच शाफ्ट) आणलाय, काम घरीच करायचंय.

गाडी स्टँडवर आहे (नुसत्या जॅकवर नाही, ओरडू नका). मधल्या मोठ्या नटाची ठोकून बसवलेली कड उचलली आणि पान्याला लांब पाइप लावून तो सैल केला. ब्रेकचा कॅलिपर तारेने टांगलाय, खालचा बॉल जॉइंट सुटा आहे. पण ॲक्सलचं टोक हबमधून (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) हलत नाही. स्प्लाइनच्या दात्यांत गंज धरलाय. तेल मारून रात्रभर ठेवलं, नट टोकाशी सपाट लावून हातोड्याने ठोकलं. ढिम्म!

जो तो म्हणतो, मोठा घण आण. मला पटत नाही. जुना ॲक्सल भंगारातच जाणार, त्याचे आटे गेले तरी चालतील. पण तो मार बेअरिंगवर बसतो आणि बेअरिंग अजून ठणठणीत आहे. मग पुलर (स्क्रूच्या दाबाने अडकलेला भाग सोडवणारं हत्यार) लावू की हब तापवू? एबीएसचा (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) सेन्सर शेजारीच आहे.

शिवाय गिअरबॉक्सकडचं टोक काढताना ऑइल सील फाटेल का, हीही धास्ती आहे.

प्रतिसाद

ज्योत अजिबात नको. बेअरिंगचे सील, आतलं ग्रीस आणि सेन्सरचं प्लास्टिक, सगळ्यांची वाट लागेल. चाकाच्या बोल्टांवर बसणारा हब पुलर लावा. ताण द्या, पुन्हा तेल मारा, थोडं थांबा, मग पुलरच्या स्क्रूच्या डोक्यावर एकच ठोका. सुटताना 'फट्' असा मोठा आवाज होतो, दचकू नका. नट दोन-चार आटे तसाच ठेवा, म्हणजे शाफ्ट एकदम निसटून लोंबणार नाही.

आतल्या बाजूला शाफ्ट धरून कधीही ओढू नका, जॉइंट कपातून (आतल्या टोकाची वाटी) निघून येतो आणि कप तिथेच राहतो. टॉमी (लोखंडी पहार) कप आणि गिअरबॉक्सच्या जाड कडेमध्ये घाला, सीलपासून लांब, आणि छोटा झटका द्या. खाली भांडं ठेवा, तेल येणारच.

नवा ॲक्सल चढवण्याआधी जुन्याशेजारी ठेवून लांबी, दाते आणि एबीएसची रिंग ताडून पाहा. नट नवाच वापरा.

धागाकर्ता

पुलरने सुटला, आभार! आतलं टोकही निघालं, सील शाबूत आहे. नवा आत ढकलल्यावर क्लिप (टोक गिअरबॉक्समध्ये अडकवून ठेवणारी रिंग) बसली हे कसं कळणार?

प्रतिसाद

क्लिपचं तोंड खाली ठेवून सरळ ढकला, 'टक्' जाणवेल. मग कप हाताने हलकेच ओढा. बाहेर आला नाही तर बसली. नट मॅन्युअलमधल्या टॉर्कला (आवळण्याचा ठरवून दिलेला जोर), चाक जमिनीवर टेकवून आवळा. त्याआधी गाडी ढकलू नका, बेअरिंग जाईल. आणि गिअर ऑइलची पातळी भरून घ्या, हे लोक हमखास विसरतात.