मदत हवी आहे: मामांना स्वादुपिंडाचा कॅन्सर, आधी केमो की ऑपरेशन?

नमस्कार मंडळी. माझे मामा, वय ६२, सांगलीला असतात. महिनाभर अंगाला खाज, मग डोळे पिवळे. आम्ही काविळीचा झाडपाला देत बसलो, ते चुकलंच. सीटी स्कॅनमध्ये स्वादुपिंडाच्या डोक्याशी गाठ निघाली. पित्तनलिकेत स्टेंट टाकल्यावर कावीळ उतरतेय. गाठ शेजारच्या मोठ्या शिरेला चिकटलीय, म्हणून डॉक्टर म्हणतात आधी फोल्फिरिनॉक्स केमो, आणि गाठ आक्रसली तर व्हिपल ऑपरेशन (स्वादुपिंडाचं डोकं गाठीसकट काढतात ते). मामीचा एकच धोशा, "कापून टाका एकदाचं!"

या क्रमाने उपचार घेतलेलं कुणी आहे का? चार औषधांची ही केमो साठीनंतर झेपते? वजन ९ किलो उतरलंय, जेवण पचतच नाही. एन्झाइमच्या कॅप्सूल घासाबरोबरच द्यायच्या ना? दुसऱ्या मतासाठी परळच्या टाटाला न्यायचंय, बायोप्सीचे ब्लॉकही (गाठीच्या तुकड्याचे मेणात जपलेले नमुने) सोबत लागतात का?