क्लेफ्टच्या पेशंटचं जबड्याचं ऑपरेशन: नाक, ओठ किती बदलतात?

खानापूरची_ताई:
नमस्कार मंडळी. माझा धाकटा भाऊ 19 वर्षांचा, जन्मापासून ओठ आणि टाळू दोन्ही फाटलेले (क्लेफ्ट म्हणतात ते), लहानपणीच शिवून घेतलं होतं. आता वरचा जबडा मागं राहिलाय, खालचे दात पुढं येतात, तारा लावल्यात आणि डॉक्टर वरचा जबडा 6 मिलिमीटर पुढं घ्यायचा म्हणूलालेत. नाक पसरतंय असं कुणीतरी आईला सांगितलंय, ती लई घाबरलीय. ओठ पण तेवढाच पुढं येतो काय?

निपाणीकर:
ताई माझं झालंय हे ऑपरेशन. पहिले काही आठवडे सूज असते, तेव्हाचा चेहरा बघून आईंना काहीच ठरवू देऊ नका, खरा चेहरा सहा महिने ते वर्षभरानं कळतोय. वरचा ओठ आणि गाल बधिर होते, हळूहळू जाणीव परत आली. नाकाच्या बाजूला खोलगट दिसायचं ते भरून आलं, मला त्याचाच आनंद जास्त.

दातांचा_डॉक्टर_बेळगाव:
हाड 6 मिलिमीटर सरकलं म्हणून ओठ 6 सरकत नाही, कमीच येतो, आणि क्लेफ्टमध्ये जुन्या टाक्यांच्या व्रणानं ओठ आखडलेला असतो म्हणून प्रत्येकाचं वेगळं होतं. कॉम्प्युटरवर दाखवतात तो चेहरा अंदाज म्हणूनच बघा. नाकाचं म्हणाल तर शेंडा थोडा वर जातो आणि नाकपुड्या रुंदावतात हे खरं आहे, पण ते आवरायला सर्जन नाकाच्या बुडाशी आतून टाका घालतात, त्याला अलार सिंच म्हणतात, तुमच्या सर्जनना स्पष्ट विचारा. नाक वाकडं असेल तर त्याचं ऑपरेशन जबड्यानंतरच करायचं, कारण नाकाचा पायाच हललेला असतो. आणि उच्चार! जबड्याबरोबर टाळू पुढं जातो, टाळू आणि घशाच्या मागच्या भिंतीमधली फट वाढते, काहींचा आवाज जास्त नाकातून यायला लागतो. म्हणून आधी स्पीच थेरपिस्टकडून तपासणी करून घ्याच.

खानापूरची_ताई:
उच्चाराचं आम्हाला कुणीच बोललं नव्हतं ओ, तो आधीच ट गडबडतोय. जबडा परत मागं जातो काय?

दातांचा_डॉक्टर_बेळगाव:
थोडा जाऊ शकतो, टाळूचे व्रण मागं ओढतात, क्लेफ्टमध्ये हे जास्त. 10 मिलिमीटरच्या आसपास सरकवायचं असेल तर डिस्ट्रॅक्शन म्हणजे रोज थोडं थोडं पुढं नेण्याचा विचार करतात. तुमचं 6 आहे, एका वेळी होतं बहुतेक. दुसरं मत हवं असेल तर धारवाडच्या एसडीएम हॉस्पिटलमध्ये क्रॅनिओफेशियल म्हणजे कवटी-चेहऱ्याच्या ऑपरेशनचा विभाग आहे, जुने एक्स-रे घेऊन जावा.