मदत हवी आहे: नोव्हीहून सहा दिवसांत मिशिगनचा उत्तर भाग – मार्ग कसा आखावा?

निळाई

नमस्कार. लेबर डेच्या (सप्टेंबरचा पहिला सोमवार) आधीच्या बुधवारी सकाळी डेट्रॉईटजवळच्या नोव्हीहून कारने निघायचं आणि लेबर डेच्या सोमवारी रात्रीपर्यंत परत यायचं, असं ठरतंय. आम्ही दोघं आणि सासू-सासरे, वय ६८ आणि ७२. ते व्हिजिटर व्हिसावर आले आहेत. सपाटीवर तास-दोन तास आरामात चालतात, मोठी चढण नको. एका दिवसात पाच तासांपेक्षा जास्त गाडीत बसणंही नको.

सध्याचा क्रम: स्लीपिंग बेअर ड्यून्स (मिशिगन तळ्याकाठच्या वाळूच्या टेकड्या), तिथून वर अप्पर पेनिन्सुलात (राज्याचा उत्तरेकडचा वेगळा भाग, म्हणजे यूपी) पिक्चर्ड रॉक्स, मग कॉपर हार्बर, परतताना मॅकिनॉ बेट, आणि सोमवारी पूल ओलांडून घरी.

प्रश्न असे:
१. हे सगळं बसेल का?
२. नकाशावर ड्यून्स आणि अप्पर पेनिन्सुला समोरासमोर दिसतात. मधून फेरी आहे का?
३. यूपीमध्ये घड्याळ बदलतं का?
४. कुठल्या तळ्यात उतरणं बरं?
५. आदल्या आठवड्यात डेट्रॉईट नदीकाठही दाखवायचा आहे. चुकून कॅनडाच्या पुलावर गेलो तर काय, ही धास्ती आहे.

---

उत्तरवारा

कॉपर हार्बर काढा आणि क्रम उलटा करा. दोन्हींची कारणं नकाशातच आहेत.

पहिलं म्हणजे लेबर डेच्या सकाळी मॅकिनॉ पुलावर लोक चालत जातात आणि त्यासाठी पूल सकाळी साडेसहापासून दुपारी बारापर्यंत गाड्यांना पूर्ण बंद असतो. दोन्ही पेनिन्सुलांना जोडणारा रस्ता हा एकच. तुम्ही त्या सकाळी सेंट इग्नेसला (पुलाच्या उत्तर टोकाचं गाव) असलात तर बारापर्यंत तिथेच, आणि त्यानंतर सुट्टी संपवून परतणाऱ्या सगळ्यांबरोबर आय-७५ महामार्गावर. त्यामुळे शनिवारीच पूल उतरून खाली या.

दुसरं, अंतरं. मिशिगन डोळ्यांना फसवतो, कारण अप्पर पेनिन्सुला आडवा आणि लांब आहे. न थांबता, ढोबळ आकडे:

नोव्ही ते मॅकिनॉ सिटी: २७५ मैल, सव्वाचार तास
सेंट इग्नेस ते म्युनिसिंग: १२० मैल, सव्वादोन तास
म्युनिसिंग ते कॉपर हार्बर: १९० मैल, पावणेचार तास
म्युनिसिंग ते ट्रॅव्हर्स सिटी: २२५ मैल, साडेचार तास
ट्रॅव्हर्स सिटी ते नोव्ही: २४० मैल, चार तास

कॉपर हार्बर यूएस-४१ च्या अगदी टोकाला आहे, पुढे सुपीरियर तळं. म्हणजे गेलात तेवढंच अंतर परत. त्या एका जागेसाठी किमान दीड दिवस जातो आणि सहा दिवसांत तो कुठून तरी कापावा लागतो. कीवीनॉसाठी (कॉपर हार्बरचा सगळा परिसर) वेगळी सहल करा, सप्टेंबरच्या शेवटी, पानं रंगतात तेव्हा.

मधून फेरी नाही. एम्पायर (ड्यून्सजवळचं गाव) ते मॅनिस्टीक (समोरच्या यूपीतलं) सरळ रेषेत ८० मैलांच्या आत आहे, पण मध्ये मिशिगन तळं, त्यामुळे रस्त्याने पुलाला वळसा घालून जवळपास तिप्पट. गाड्या नेणाऱ्या दोन फेऱ्या आहेत त्या तळं पूर्व-पश्चिम ओलांडतात, लडिंग्टन ते मॅनिटोवॉक आणि मस्कीगन ते मिलवॉकी. दोन्ही विस्कॉन्सिनला पोचवतात, तुमच्या कामाच्या नाहीत.

मी असा आखेन:

बुधवार: सकाळी सहाला निघा. आय-९६ ने ब्रायटन, तिथून यूएस-२३, फ्लिंटला आय-७५. पूल आधीच ओलांडा (कारला ४ डॉलर टोल) आणि बेटाची फेरी सेंट इग्नेसहून पकडा, म्हणजे संध्याकाळी पुन्हा गाडी चालवायला नको. बेटावर १८९८ पासून मोटारींना बंदी आहे. किनाऱ्याचा वळसा सुमारे आठ मैलांचा आणि सपाट आहे, सायकलसाठी उत्तम. सासू-सासऱ्यांसाठी घोडागाडीची फेरी घ्या, कारण किल्ला आणि आर्च रॉक दोन्ही चढावर आहेत. शेवटच्या फेरीची वेळ चढतानाच विचारून ठेवा. मुक्काम सेंट इग्नेस.

गुरुवार: एम-१२३ ने पॅराडाईस, टॅक्वामेनॉन धबधबा, न्यूबेरीवरून एम-२८ धरून म्युनिसिंग. एकूण साडेतीन तासांचं ड्रायव्हिंग. लवकर निघालात तर आधी सू सेंट मरीला जाऊन सू लॉक्स (जहाजं चढवण्या-उतरवण्याची जलद्वारं) पाहता येतात, त्यासाठी साधारण एक तासाचं ड्रायव्हिंग वाढतं.

शुक्रवार: म्युनिसिंग.

शनिवार: सकाळ राखीव, मग पूल ओलांडून ट्रॅव्हर्स सिटी.

रविवार: स्लीपिंग बेअर.

सोमवार: घरी. मात्र बे सिटी-सॅगिनॉकडे आय-७५ वर जाऊ नका, त्या दिवशी तिथे गाड्या तुंबतात. एम-११५ ने कॅडिलॅक, क्लेअर, मग यूएस-१२७ ने लॅन्सिंग आणि आय-९६ ने नोव्ही.

घड्याळ फक्त विस्कॉन्सिनला लागून असलेल्या चार काउंट्यांत बदलतं: गोगेबिक, आयर्न, डिकिन्सन आणि मेनॉमिनी. तुमच्या वाटेत एकही नाही.

हॉटेलं आज बुक करा. म्युनिसिंग लहान गाव आहे. तिथे न मिळालं तर मार्केट हे शहर (Marquette, ४३ मैल पश्चिमेला), आणि ट्रॅव्हर्स सिटी महाग वाटलं तर कॅडिलॅक.

---

खडकओळख

मार्ग पटला. प्रत्येक ठिकाणी काय दिसतं आणि का, एवढं माहीत असलं तर कुठे किती वेळ द्यायचा ते ठरवणं सोपं जातं.

लोअर पेनिन्सुलाचा (पुलाच्या दक्षिणेकडचा भाग) हाताच्या पंजासारखा आकार डोळ्यांसमोर आणा: हिमनद्यांनी आणून टाकलेली माती, वाळू, गोटे. उघडा खडक जवळजवळ दिसतच नाही. टेकड्या आहेत त्या हिमोढाच्या, म्हणजे बर्फ वितळताना मागे राहिलेल्या ढिगांच्या. म्हणूनच पुलापर्यंतचा आय-७५ दृश्याच्या दृष्टीने सपक वाटतो, तिथे उगाच थांबे ठेवू नका. पूल ओलांडल्यावर पूर्वेकडच्या भागात चुनखडक आणि वालुकाश्म, त्यावर दलदल आणि सीडरची जंगलं. मार्केटच्या पश्चिमेला अतिप्राचीन कठीण खडक सुरू होतो, लोखंड आणि तांबं तिथलंच.

टॅक्वामेनॉनचं पाणी चहाच्या रंगाचं दिसेल. ते गढूळ किंवा प्रदूषित नाही. नदी सीडरच्या दलदलीतून येते आणि झाडांतलं टॅनिन त्यात उतरतं. वरचा धबधबा सुमारे २०० फूट रुंद आणि ५० फुटांच्या आसपास उंच. पार्किंगपासून पक्क्या वाटेने गेलं की तो वरूनच नीट दिसतो. अगदी काठावरच्या मचाणापर्यंत ९० हून जास्त पायऱ्या उतराव्या लागतात आणि तेवढ्याच चढाव्या लागतात, त्या सासऱ्यांच्या गुडघ्यांवर सोडा.

पिक्चर्ड रॉक्सचे कडे २०० फुटांपर्यंत जातात. वालुकाश्मातून पाझरणाऱ्या पाण्याबरोबर खनिजं बाहेर येतात आणि पट्टे उमटतात: लोहामुळे तांबडे-नारिंगी, तांब्यामुळे हिरवट-निळे, मँगनीजमुळे काळे. हे रंग पाण्यावरूनच दिसतात, जमिनीवरून तुम्ही कड्याच्या माथ्यावर उभे असता. म्हणून बोट हवीच, सुमारे अडीच तासांची फेरी. कडे वायव्येकडे तोंड करून आहेत, सकाळी ते सावलीत असतात. दुपारी उशिराची फेरी घ्या. अडचण वाऱ्याची: उत्तर किंवा वायव्येचा वारा जोरात असला की थेट कड्यांवर लाटा येतात आणि बोटी रद्द होतात. शनिवारची राखीव सकाळ त्यासाठीच हवी, ती दुसऱ्या कशाने भरू नका. शुक्रवारी सकाळी मायनर्स कॅसल (गाडी जवळपर्यंत जाते, वरचं मचाण सपाटीवर) आणि म्युनिसिंग फॉल्स (छोटी पक्की वाट) पाहून घ्या.

सू लॉक्सला गेलात तर एक आवर्जून दाखवा. मिशिगन आणि ह्युरॉन ही नावाला दोन तळी आहेत. मॅकिनॉच्या सामुद्रधुनीतून पाणी दोन्हीकडे खेळतं आणि दोन्हींची पातळी एकच, समुद्रसपाटीपासून सुमारे १७६ मीटर. सुपीरियर मात्र १८३ मीटरवर. या फरकातले जवळपास २१ फूट सेंट मेरीज नदी इथेच खळाळून उतरते, आणि जहाजं लॉकमधून चढवतात-उतरवतात. पंप लागत नाहीत, पाणी वरच्या पातळीवरून आपल्या भाराने आत येतं आणि खाली निघून जातं. बघायला पैसे पडत नाहीत. हजार फुटी जहाज आलं तर थांबाच. ती फक्त १,२०० फूट लांबीच्या पो लॉकमध्ये मावतात.

---

किनारपट्टी

ड्यून्स आणि पाणी याबद्दल, कारण दरवर्षी लोक अडकतात ते इथेच.

स्लीपिंग बेअरला दोन वेगळ्या जागा आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. एक ड्यून क्लाइंब: पायथ्याशी पार्किंग, चढून माथ्यावर जायचं. तिथून तळं जवळ वाटतं, पण नसतं. तळ्यापर्यंत जाऊन येणं साडेतीन मैल, सगळं वाळूतून, तीन ते चार तास. सासू-सासऱ्यांनी पायथ्याशी बसावं. दुसरी जागा पीअर्स स्टॉकिंग ड्राइव्हवरचा लेक मिशिगन ओव्हरलुक. हा ७.४ मैलांचा गाडीरस्ता, त्यावरचा नववा थांबा. इथून कडा सरळ ४५० फूट खाली पाण्यात उतरतो. उंचीचा मोठा भाग हिमोढाचा आहे आणि वाळूचं टेकाड त्याच्या डोक्यावर बसलंय, म्हणून इतका उंच. खाली धावत जायला पाच-दहा मिनिटं. वर येताना वाळू पायाखालून सरकते, प्रत्येक पावलातलं निम्मं वाया जातं, तास-दोन तास लागतात आणि काहींना वर येताच येत नाही. सुटकेचा खर्च अंगावर येतो. तिथे फक्त वरच्या मचाणावरून बघा. ऑगस्टअखेर सूर्यास्त सव्वाआठच्या सुमारास, सातला पोचा.

आता पाणी. सुपीरियर ऑगस्टमध्येही गार, पाय बुडवण्यापुरतंच. मिशिगन तळं उबदार असतं, पण दोन गोष्टी तपासा. आदल्या दिवशी उत्तरेचा वारा वाहिला असेल तर वरचं कोमट पाणी आत ढकललं जातं, खालचं थंड पाणी किनाऱ्याशी वर येतं, आणि एका रात्रीत तापमान दहा अंशांनीही उतरू शकतं. दुसरं, लाटा. समुद्रापेक्षा इथे त्या फार कमी अंतराने येतात, श्वास घ्यायला उसंत मिळत नाही, आणि गोड्या पाण्यात अंग कमी तरंगतं. धक्क्यांच्या भिंतींलगत पाणी आत खेचलं जातं, कितीही शांत दिसलं तरी भिंतीजवळ पोहू नका. लाल बावटा असेल तर पाण्याबाहेर.

ग्लेन लेक लहान आणि आडोशाचं आहे. तुमच्या गटासाठी तेच बरं.

---

आठमैल

डेट्रॉईटचं सांगतो. डाउनटाउनमधून कॅनडा दक्षिणेला आहे. नदी तिथे वळते आणि विंडसर खालच्या बाजूला येतं. त्यामुळे "दक्षिणेकडे, म्हणजे कॅनडापासून लांब" असा हिशोब इथे चुकतो. नोव्हीहून आय-९६ ने येताना शेवटी आय-७५ ला मिळता, तिथेच अँबॅसडर पुलाचे फाटे आहेत. "ब्रिज टू कॅनडा" पाटी दिसली की त्या लेनमधून बाहेर. सोपा मार्ग: आय-९६ वरून आय-६९६ घ्या आणि त्यावरून एम-१० धरा, तो सरळ नदीकाठी उतरतो. तिथे नदीखालच्या बोगद्याचं तोंडही जवळच आहे, त्या रांगेत शिरू नका.

चुकून शिरलातच तर गाडी उलटी फिरवू नका. पहिल्या गणवेशातल्या माणसाला सांगा, ते वळवून देतात. परतताना अमेरिकेच्या तपासणीतून जावं लागू शकतं, आणि भारतीय पासपोर्टवर कॅनडात शिरायला कॅनडाचा व्हिसा लागतो. म्हणून चौघांचे मूळ पासपोर्ट आणि आय-९४ (अमेरिकेत प्रवेशाची नोंद) ची छापील प्रत गाडीत ठेवा. तुमच्या दोघांपैकी कोणी एच-१बी या कामाच्या व्हिसावर असेल तर आय-७९७ (मंजुरीची नोटीस) सुद्धा. १८ वर्षांवरील परदेशी व्यक्तीने नोंदणीचा पुरावा जवळ बाळगावा असा कायदाच आहे, त्यामुळे यूपीलाही हेच न्या. सू सेंट मरीलाही आय-७५ चं टोक थेट कॅनडाच्या पुलावर जातं. लॉक्ससाठी त्याआधीच्या शेवटच्या एक्झिटला उतरा.

परत येताना वूडवर्डने (एम-१) या, शहराची आखणी कळते. १८०५ च्या आगीनंतर नदीपासून पंख्यासारखे रस्ते काढले: मिशिगन, ग्रँड रिव्हर, वूडवर्ड, ग्रॅशियट. त्यावर आडवे माईल रोड, बहुतेक ठिकाणी एकेका मैलावर. ८ माईल ही डेट्रॉईटची उत्तर हद्द आणि तुमच्या नोव्हीची दक्षिण हद्द. मोठ्या दुभाजकाच्या रस्त्यावर चौकात डावीकडे वळता येत नाही. चौक ओलांडा, पुढच्या खाचेतून यू-टर्न घ्या, मग उजवीकडे वळा.

---

निळाई

सगळ्यांचे मनापासून आभार. कॉपर हार्बर काढलं, क्रम उलटा केला, म्युनिसिंगची दोन रात्रींची खोली मिळाली. दोन शंका उरल्या: पास कुठले घ्यायचे, आणि यूपीत पेट्रोल व शाकाहारी जेवणाचं काय?

---

उत्तरवारा

पास दोन प्रकारचे. टॅक्वामेनॉन राज्याचं आहे, त्यासाठी रिक्रिएशन पासपोर्ट. तुमच्या नंबर प्लेटच्या स्टिकरवर "पी" असेल तर तो आधीच घेतलेला आहे. पिक्चर्ड रॉक्स आणि स्लीपिंग बेअर संघराज्याची, तिथे तो चालत नाही. राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास दोन्हीकडे चालतो.

गॅस, म्हणजे पेट्रोल, अर्ध्यावर आला की भरा. न्यूबेरीला भरून घ्या, कारण पुढे सेनी ते शिंगलटन एम-२८ हा २५ मैल नाकासमोर सरळ आणि जवळपास निर्मनुष्य आहे. फोनला रेंज जाते, नकाशे आधी उतरवून ठेवा. संध्याकाळनंतर हरणं आडवी येतात, तो टप्पा उजेडात संपवा.

जेवणासाठी स्वयंपाकघर असलेली खोली असली तर प्रश्नच मिटतो. नसेल तर सेंट इग्नेस सोडण्यापूर्वी कूलर भरा. पेस्टी (सारण भरून भाजलेला पिठाचा पदार्थ) सगळीकडे मिळते, ती मुळात कॉर्निश खाणकामगारांची आणि मांसाची असते. भाजीची काही ठिकाणी करतात, पण पिठात चरबी वापरली आहे का ते विचारून घ्या.