ब्लॉक उघडल्यावर रक्त परत येतं तेव्हाही हृदयाला इजा होते का? त्यावर औषध आहे का?

घाटावरचा_मुलगा:
नमस्कार मंडळी. बाबांना, वय 63, गेल्या मंगळवारी पहाटे अटॅक आला. छातीत जळजळतंय म्हणून दोन तास ॲसिडिटीची गोळी घेऊन पडून राहिले, मग तालुक्याला नेलं, ईसीजी काढून गुठळी विरघळायचं इंजेक्शन दिलं आणि तिथून ॲम्ब्युलन्सने शहरात नेऊन अँजिओप्लास्टी झाली. आता घरी आहेत. डिस्चार्जच्या वेळी डॉक्टर म्हणाले पंपिंग 40 टक्के आहे, आणि रक्त परत सुरू होतानाही थोडं नुकसान होतंच. हे डोक्यातून जातच नाहीये. रक्त मिळालं की बरं वाटायला हवं ना, मग इजा कशी? तेव्हा द्यायचं एखादं औषध द्यायचं राहून गेलं का?

कॅथलॅब_ताई:
आधी बाबांना लवकर बरं वाटू दे. मी कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओप्लास्टी करतात त्या खोलीत, 11 वर्षं टेक्निशियन आहे, रोज बघते. बलूनने नस मोकळी झाली की कित्येकदा लगेचच मॉनिटरवरचे ठोके एकदम रुंद होतात, पण एका संथ लयीत, नवीन पोरं घाबरतात, सर म्हणतात थांबा जरा, आणि थोड्या वेळात आपोआप नीट होतं. रक्त पोचल्याची खूण असते ती. कधी मात्र लय पार बिघडते आणि शॉक द्यावा लागतो, म्हणून पॅड जवळच ठेवतो. आणि सगळ्यात जीवावर येतं ते म्हणजे मोठी नस स्वच्छ उघडलेली दिसते पण डाय (नस एक्स-रेत दिसावी म्हणून सोडतो ते औषध) पुढे सरकतच नाही, कारण पुढच्या बारीक केशवाहिन्या सुजून, गुठळीच्या कणांनी तुंबलेल्या असतात. त्याला आम्ही नो-रिफ्लो म्हणतो.

औषधशास्त्र_वाला:
पीएचडीला याच विषयावर होतो. उंदराचं हृदय काढून नळीला टांगायचं आणि महाधमनीतून द्रव सोडायचा, ते बाहेरच धडधडत राहतं. अर्धा तास द्रव बंद करून परत सोडला की काही हृदयं सैल व्हायच्या ऐवजी दगडासारखी आवळून बसायची, हातात घेऊन बघितलंय. होतं असं की रक्त बंद असताना पेशीत आम्ल साठतं, ते विचित्र प्रकारे मायटोकॉन्ड्रियाचं, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागाचं, एक दार बंद धरून ठेवतं. रक्त आलं की आम्ल धुऊन जातं, वर कॅल्शियम तुंबलेलं आणि ऑक्सिजनमधून फ्री रॅडिकल्सचा, म्हणजे पेशीला इजा करणाऱ्या कणांचा, लोंढा, मग ते दार उघडतं आणि अजून वाचू शकली असती ती पेशी मरते.

औषधाचं विचाराल तर तीसचाळीस वर्षं लोक झटतायत. 1986 मध्ये अमेरिकेत मरी, जेनिंग्ज आणि रीमर यांनी कुत्र्यांची नस आधी 5-5 मिनिटं चारदा बंद करून सोडली आणि मग 40 मिनिटं बंद केली, तर मेलेला भाग नेहमीच्या जेमतेम पाव निघाला! पण अटॅक सांगून येत नाही. मग ते मायटोकॉन्ड्रियाचं दार बंद ठेवणाऱ्या सायक्लोस्पोरिन या औषधाने 2008 मध्ये 58 पेशंटमध्ये आशा दाखवली, 2015 मध्ये साडेनऊशेहून जास्त पेशंटमध्ये काहीच फरक नाही. कुत्र्यांवरची तीच युक्ती हृदयाऐवजी हातावर, म्हणजे दंडाला बीपीचा पट्टा 5 मिनिटं आवळायचा, 5 मिनिटं सोडायचा, असं चारदा, हेही 5,400 वर पेशंटमध्ये करून पाहिलं, 2019 मध्ये निकाल आला, वर्षभरात मृत्यू किंवा हार्ट फेल्युअर कमी झालं नाही. तेव्हा नस उघडताना द्यायचं असं सिद्ध झालेलं औषध आजही नाहीये, तुमच्या बाबांचं काही राहून गेलं नाही. नस उघडली नसती तर तो सगळाच भाग गेला असता.

पुणे_आजोबा:
तो पट्टा घरी करायचा व्हिडिओ व्हॉट्सॲपवर फिरतोय, मलाही आलाय. करू का?

औषधशास्त्र_वाला:
काका, नका करू. तुमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय तर अजिबातच नको.

कॅथलॅब_ताई:
आणि दादा, 40 हा आकडा शेवटचा नाही हां. अटॅकनंतर काही स्नायू मेलेला नसतो, नुसता सुन्न झालेला असतो, तो काही आठवड्यांत परत आकुंचन पावायला लागतो. म्हणून दीड-दोन महिन्यांनी परत टूडी इको करतात. तोवर रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या एक दिवसही चुकवू देऊ नका, स्टेंट नवीन आहे.

घाटावरचा_मुलगा:
आईला मोठ्याने वाचून दाखवलं, ती त्या मंगळवारपासून स्वतःलाच दोष देत होती, गोळी तिनेच दिली होती ना. इको पुढच्या महिन्याच्या शेवटी आहे, आकडा इथेच टाकतो.